रमाबाईचा अबोला

भोईवाड्यातल्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर रमाबाई तांबेचा अबोला सगळ्यांना ठाऊक होता. भांडणात तिचा आवाज कधी चढायचा नाही. दोन वाक्यं बोलायची, त्यातलं दुसरं अर्धवट सोडायची आणि मग तोंडाला कुलूप. घरातलं काम मात्र एकही अडायचं नाही. डबा वेळेवर, कपडे वाळत, पाणी भरलेलं. फक्त शब्द बंद. मुलीच्या, अक्षदाच्या, लग्नपत्रिकेत रमाबाईच्या काकाचं नाव छापायचं राहून गेलं, तेव्हा ती नवऱ्याशी अकरा दिवस बोलली नव्हती. बाराव्या दिवशी ‘मीठ संपलंय’ म्हणाली आणि जणू काही झालंच नाही अशी पुढच्या गोष्टी सांगायला लागली.

नवऱ्याला, कुशाबाला, याची सवय झाली होती. तो शेजाऱ्यांना हसत सांगायचा, “आमच्याकडे रेडिओ बंद आहे सध्या.” मनातून मात्र त्याला तो अबोला झोंबायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटायचं.

परळच्या एका संशोधन संस्थेत तो एकोणतीस वर्षं नोकरीला होता. प्राण्यांच्या विभागात अटेंडंट. पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणा-पाणी बघायचं, वजनं करून रजिस्टरात लिहायची. अक्षर सुरेख होतं, म्हणून वैदेही मॅडमनी हळूहळू सगळ्याच नोंदी त्याच्याकडे दिल्या. वैदेही मॅडम मेंदूवर काम करायच्या. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली की आतल्या पेशी कशा मरतात, किती वेळात मरतात आणि कुठल्या वाचवता येतात, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय.

पहिल्याच वर्षी कुशाबाने त्यांना विचारलं होतं, “मॅडम, रक्त थांबलं की मरतं, एवढं तर आम्हालापण समजतं. मग एवढे उंदीर कशाला?”

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “कुशाबा, पावसाळ्यात हिंदमाताच्या चौकात पाणी का तुंबतं?”

“पंप बंद पडला की तुंबतं.”

“मेंदूच्या प्रत्येक पेशीला असाच एक पंप असतो. आत शिरलेलं मीठ तो रात्रंदिवस बाहेर फेकत असतो. रक्त थांबलं की काही मिनिटांत त्याची वीज जाते. मग मीठ आत, मिठामागून पाणी आत, पेशी फुगते. आणि मरताना ती गप्प मरत नाही. तिच्याकडे निरोप धाडायचं जे रसायन असतं ते सगळं एकदम बाहेर ओतते. शेजारच्या पेशींना ते सोसत नाही. त्याही मरतात. मधलं घर तेव्हाच बुडतं, पण भोवतालची घरं तासन्‌तास तग धरून असतात.”

“मग ती वाचतात?”

“वेळेवर रक्त परत आलं तर. त्या पेशी मेलेल्या नसतात, कुशाबा. त्यांचं काम थांबलेलं असतं, त्या बोलत नाहीत इतकंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, संपलं. पण संपलेलं नसतं.”

हे त्याला पटलं, कारण पुढे ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. उंदराच्या मानेतल्या नसेतून नायलॉनचा बारीक दोरा वर सरकवून मेंदूची वाट बुजवायची. कुणाचा दोरा अर्ध्या तासाने काढायचा, कुणाचा दीड तासाने, कुणाचा चार तासांनी, कुणाचा तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काहींच्या मेंदूच्या पातळ चकत्या कापून औषधाच्या बशीत ठेवल्या की जिवंत भाग लाल व्हायचा आणि मेलेला पांढराच राहायचा. अर्ध्या तासाच्या उंदरात तांदळाच्या दाण्याएवढंही पांढरं नसायचं. चार तासांच्या उंदरात अर्धी चकती पांढरी. कुशाबा त्या बशा धुवायचा आणि आकडे लिहायचा. रजिस्टरं सतरा झाली होती.

निवृत्तीला आठ महिने उरले होते. रमाबाईने दापोलीजवळच्या गावच्या घराला पत्रे घालून घेतले होते, परसात दोन माडही लावले होते. निवृत्ती झाली की गावी जायचं, हे ठरलेलं. आणि मॅडमनी विचारल्यावर कुशाबा दोन वर्षांच्या मुदतवाढीला ‘हो’ म्हणून बसला. घरी विचारलंच नाही. चार दिवसांनी, रात्री जेवताना, सहज बोलल्यासारखं सांगितलं.

रमाबाईने भाताचा घास खाली ठेवला. “तुमाला उंदरांची जास्त पडलीय,” ती म्हणाली. “मी आपली एकटीच त्या माडांना…”

दुसरं वाक्य तिने सोडून दिलं. ताट उचललं. कुशाबाही तापला. “दोन वर्षांत तुझे माड काय पळून जाणार आहेत का?” तो म्हणाला. उत्तर आलं नाही. रेडिओ बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो तोंड धुऊन आला तेव्हा रमाबाई गॅसजवळ पाटावर बसली होती. पाणी भरून झालेलं होतं. चहा उकळून उतू गेला होता, ओट्याखाली ओघळ आला होता. तिने कप त्याच्यापुढे सरकवला, डाव्या हाताने. निम्मा चहा बशीत सांडला. उजवा हात पदराखाली मांडीवर होता.

“सरळ हाताने देता येत नाही का?” कुशाबा म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. ओठ एका बाजूला जरासे वाकडे झाल्यासारखे दिसले. कुशाबाला वाटलं, आपल्याला वेडावतेय.

“नको बोलूस,” तो म्हणाला. “मलापण हौस नाही.”

चहा तसाच ठेवून तो उठला. डबा भरलेला नव्हता. असं कधी झालं नव्हतं. अबोला असला तरी डबा असायचा. पण त्या दिवशी त्याने त्याचाही रागच मानला: म्हणजे आता उपाशी ठेवायला निघाली. जिन्यात त्याने चपला मुद्दाम आपटत घातल्या. खाली उतरल्यावर कोपऱ्यावर भजीपाव खाल्ला आणि तिथेच तासभर पेपर वाचत बसला. घरी परत जायचं नव्हतं आणि कामावर जायला अजून वेळ होता.

सव्वादहाला उंदरांची तपासणी होती. आदल्या दिवशी ऑपरेशन झालेल्या उंदरांना एकेक करून शेपटीने उचलायचं, हवेत धरायचं आणि पुढचे पंजे बघायचे. धडधाकट उंदीर दोन्ही पंजे जमिनीकडे लांब करतो. ज्याच्या मेंदूची डावी बाजू गेली त्याचा उजवा पंजा छातीशी मुडपतो, बोटं मिटतात. किती मुडपला त्यावर शून्य ते चार आकडा. कुशाबा आकडा सांगायचा, मॅडम स्वतः बघून खात्री करायच्या. तेरा उंदीर झाले. चौदावा त्याने उचलला.

“कुशाबा, आकडा?”

 उंदराचा उजवा पंजा छातीशी चिकटला होता. चार बोटं आत वळलेली. कुशाबा त्या बोटांकडे बघत राहिला, आणि त्याला पदराखालचा हात दिसला. पदर पातळ होता. हात दिसत होता. बोटं अशीच वळलेली होती. त्याने ती पाहिली होती. नुसती पाहिली होती.

“मॅडम,” तो म्हणाला, “माझी बायको.”

“काय झालं बायकोला?”

“तिचा हात असाच होता. सकाळी. तोंडपण वाकडं होतं. मला वाटलं…”

मॅडमनी त्याच्या हातातून उंदीर काढून घेतला. “फोन कर घरी. आत्ता.” एकोणतीस वर्षांत त्या पहिल्यांदा त्याला एकेरीत बोलल्या.

रमाबाई फोन उचलत नव्हती. मग शेजारच्या गंगुबाईंना लावला. दार नुसतं लोटलेलं होतं. गंगुबाई फोन कानाला धरूनच आत गेल्या, आणि कुशाबाला त्यांची किंकाळी ऐकू आली. रमाबाई मोरीच्या उंबऱ्याशी पडली होती. डोळे उघडे होते.

चाळीतल्या चार जणांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. कुशाबा आणि मॅडम टॅक्सीने थेट इस्पितळाच्या दारात पोचले तेव्हा खुर्ची रस्ता ओलांडून येत होती. घरापासून इस्पितळ चालत दहा मिनिटांवर. कुठून कुठून माणसं गाड्या भरून तिथे येतात; भोईवाड्याच्या माणसाला फक्त दोन सिग्नल पार करायचे असतात.

तरुण डॉक्टर होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. भराभर विचारत होता. बीपी आहे? गोळ्या घेतात? मग म्हणाला, “काका, नीट आठवून सांगा. शेवटच्या नीट कधी होत्या? म्हणजे बोलत होत्या, हात हलवत होत्या, असं शेवटचं कधी पाहिलंत?”

“सहाला पाहिली.”

“सहाला नीट बोलल्या?”

कुशाबाने मॅडमकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

“सहाला बोलत नव्हती,” तो म्हणाला. “आमचं भांडण झालेलं. मला वाटलं अबोला धरलाय.”

डॉक्टरचं पेन थांबलं. ते थांबलेलं पेन कुशाबाला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. “मग त्याआधी?” डॉक्टरने विचारलं.

त्याआधीचं खुर्चीबरोबर आलेल्या गंगुबाईंनी सांगितलं. सव्वापाचला नळावर दोघी शेजारी उभ्या होत्या. रमाबाई व्यवस्थित बोलत होती, पाणी उशिरा सोडणाऱ्या वॉल्व्हवाल्याला शिव्या देत होती, भरलेला हंडा तिने उजव्या हातानेच कमरेवर घेतला होता. म्हणजे सव्वापाच ते सहा, त्यातच कधीतरी. आता अकरा वाजून गेले होते. नसेत अडकलेली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं डॉक्टर म्हणाला. मेंदूचे फोटो काढले. डावीकडचा मोठा भाग आधीच गेला होता. दोऱ्यासारखी नळी घालून गाठ बाहेर ओढता येते, पण इतका भाग मेलेला असताना नस उघडली तर आलेलं रक्तच घात करतं. मेलेल्या भागातल्या नसा त्याचा जोर सोसत नाहीत, फुटतात.

“मग आता काय करायचं?” अक्षदाने विचारलं. ती कॉटन ग्रीनला सासरी राहायची. बातमी कळताच पदराची पिनही न लावता आली होती.

“वाट बघायची,” डॉक्टर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रमाबाईने डोळे उघडून अक्षदाकडे पाहिलं. डाव्या हाताने तिचं बोट धरलं. अक्षदा हसत, रडत बाहेर आली. “पप्पा, आईने ओळखलं मला! आता होईल बरी. होईल ना?”

कुशाबाने मान हलवली. उंदीरही दुसऱ्या दिवशी डोळे उघडतात, दाणाही खातात. तिसऱ्या दिवशी जातात. मेलेल्या भागाला सूज येते, कवटी ताणली जात नाही, आणि मग उरलेला चांगला भागही दाबला जातो. रजिस्टरात ‘तिसरा दिवस’ असा वेगळा रकानाच होता, त्याच्याच हाताने आखलेला. पण पोरीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? अक्षदाने खाली जाऊन वॉर्डातल्या मावश्यांना केळी वाटली. तो बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी रमाबाई हाकेला उठेना. डॉक्टरांनी सांगितलं, कवटीचं हाड काढून सुजेला जागा करून द्यावी लागेल. नाहीतर संध्याकाळपर्यंत काही खरं नाही. जगली तरी बोलेल, चालेल, असं सांगता येत नाही. कुशाबाने सही केली. नेहमीच्याच सुरेख अक्षरात झाली ती, आणि त्याला त्या अक्षराची लाज वाटली.

रमाबाई जगली.

बाराव्या दिवशी वैदेही मॅडम भेटायला आल्या. बाहेर व्हरांड्यात दोघे बाकावर बसले. मॅडमनी माटुंग्याहून इडल्या आणल्या होत्या; डबा दोघांच्या मध्ये तसाच राहिला.

“मॅडम, एक विचारू? सहाला आणली असती तर?”

“कुशाबा, माणसाचं उंदरांसारखं सरळ नसतं. गाठ केवढी, वय किती, बाजूने दुसऱ्या नसांतून रक्त किती येत होतं…”

“रजिस्टर माझ्या हातचं आहे,” तो म्हणाला. “अर्ध्या तासाचे किती, दीड तासाचे किती, चार तासांचे किती, मला पाठ आहे. मला माहितीये, मॅडम. फक्त तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. बाकी सगळे ‘जाऊ दे, नशीब’ म्हणतात.”

मॅडम आकड्यांच्या बाबतीत फार कडक होत्या. एका विद्यार्थ्याने एकदा दशांश चिन्हानंतरचा एक आकडा सोयीने वर नेला होता, त्याचं सहा महिन्यांचं काम त्यांनी रद्द करायला लावलं होतं. त्यांनी डब्याचं झाकण बोटाने दाबून बघितलं.

“बरंच वाचलं असतं, कदाचित,” शेवटी त्या म्हणाल्या. “सगळं नाही. पण बरंच.”

कुशाबाने डोळे मिटले. त्याला वाटलं होतं की हे ऐकल्यावर रडू फुटेल. फुटलं नाही. 

“पण तुम्ही मलाही एक विचारा,” मॅडम म्हणाल्या. “एकोणतीस वर्षं मी तुम्हाला उंदराचा पंजा बघायला शिकवला. पेशीचा पंप शिकवला. मिनिटं लिहायला लावली. माणसाच्या चेहऱ्यावर हे कसं दिसतं, हात वर करायला सांगायचं, एक वाक्य बोलायला सांगायचं, हे मी एका दुपारी पाच मिनिटं बसून तुम्हाला सांगितलं असतं तर? परदेशात जाऊन मोठमोठ्या सभांत बोलले मी. माझ्या खोलीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं नाही. सुचलंच नाही मला.”

कुशाबा त्यांना धीर देणार होता. ‘तुमचा काय दोष, मॅडम’ हे शब्द जिभेवर आलेही. पण ते खरे नव्हते, आणि खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने डबा उघडला, एक इडली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली आणि हातात धरून बसून राहिल्या.

दीड महिन्याने रमाबाई घरी आली. उजवा हात लुळा, पाय ओढत. डोक्याच्या डाव्या बाजूला हाड नव्हतं तिथे खळगा. कातडी श्वासाबरोबर हलल्यासारखी वाटायची. आणि बोलणं गेलेलं. इस्पितळातच कधीतरी एक शब्द परत आला होता: ‘बादली’. कुठून आला ते कुणाला कळलं नाही. पाणी हवं असलं तरी बादली, अंगावर चादर हवी तरी बादली. रागावली की जोरात बादली, अक्षदाचं तान्हं पोर दिसलं की हळू, गोड बादली. काय म्हणायचंय ते तिला आतून ठाऊक असायचं. तोंडातून भलतंच येतंय हेही तिला कळायचं. मग ती डाव्या हाताने कपाळावर मारून घ्यायची. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई चित्रांचे पत्ते आणायच्या: कप, झाड, मांजर. रमाबाई ते पत्ते उलटे करून ठेवायची.

कुशाबाने मुदतवाढीचा कागद परत दिला आणि उरलेल्या महिन्यांची रजा टाकली. तो स्वयंपाक शिकला. भात त्याला जमला, भाकरी जमली नाही. वेणी घालायला शिकला. खळग्याच्या बाजूने केस अजून आखूड होते, ते तो नुसते हाताने बसवायचा. बायकोला इतका वेळ हात लावायचा प्रसंग लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर आला नव्हता.

एक दिवस गंगुबाई भाकऱ्या घेऊन आल्या. रमाबाई झोपली होती. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “भाऊ, त्या दिवशी नळावर ती काय बोलली, तुमाला सांगितलं का मी?”

“वॉल्व्हवाल्याला शिव्या देत होती म्हणालात.”

“ते तर होतंच. पण तुमचंपण बोलली. मला बोलली, राहू देत दोन वर्षं कामाला. घरी बसले तर माझंच डोकं खातील. आणि हसली. मी म्हटलं, मग बोलून टाक की. तर बोलली, एवढ्यात नाय, जरा सुकू दे त्यांना.”

गंगुबाईंना वाटलं होतं की ऐकून त्याला बरं वाटेल. कुशाबा उठला, मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. नळाला पाणी नव्हतं. नळ नुसताच सुसू वाजत राहिला.

अक्षदाला अजून काही माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की पप्पा कामावर गेले आणि मागे आईला झटका आला. कुशाबाने ते तीन महिने पोटात ठेवलं. मग एका दुपारी ती आईचे कपडे घडी करत असताना त्याने सगळं सांगितलं. डावा हात, सांडलेला चहा, वाकडे ओठ, ‘मलापण हौस नाही’. एकही गोष्ट गाळली नाही.

अक्षदाने हातातलं पातळ अर्धवट घडी केलेलं तसंच धरून ठेवलं.

“मला कशाला सांगितलंत, पप्पा?”

“तुला कळायला पाहिजे म्हणून.”

“मला नव्हतं कळायचं,” ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “तुम्हाला जड झालं म्हणून दिलंत माझ्या हातात. आता मी काय करू याचं? तुमच्यावर चिडू? चिडले तर आईला कोण बघणार? तुम्ही एकटे?”

त्याने उरलेले कपडे तिच्याकडे सरकवले. तिने पातळाची घडी पुरी केली, बाकीच्या कपड्यांवर ठेवली. ती पूर्वीसारखीच दर दोन दिवसांनी येत राहिली, डबे आणत राहिली, ‘पप्पा, गोळी घेतलीत का’ विचारत राहिली. फक्त निघताना पूर्वी पाया पडायची, ते बंद झालं. कुशाबानेही कधी तो विषय काढला नाही.

वैशाखी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी चाळीच्या बुद्धविहारात वैदेही मॅडम आल्या. त्यांनीच विचारून घेतलं होतं. वंदना झाल्यावर त्यांनी लोकांना समजावून सांगितलं: चेहरा, हात, बोलणं, वेळ. चांगलं सांगितलं, सोपं करून. तरी मागच्या बायका आपापसात कुजबुजत होत्या, पोरं मोबाइलवर होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, “कुशाबा, तुम्ही दोन शब्द बोलाल?”

तो उठला. पुढे गेला. इतक्या लोकांपुढे तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. समोर गंगुबाई, त्यांच्यामागे खुर्ची उचलणारे ते चौघे. 

“घरातलं माणूस बोलत नसलं,” तो म्हणाला, “तर रागवू नका. आधी हात वर करायला सांगा. दोन्ही.”

पुढचं काही त्याला सुचेना. तो तसाच आपल्या जागेवर येऊन बसला.  मग एक म्हातारे गृहस्थ आपल्याच बायकोकडे वळून बघायला लागले आणि बायको पुटपुटली, “माझ्याकडे काय बघता, मी बोलतेय ना.” थोडा हशा पिकला, आणि सभा मोडली.

त्या दिवशी तो घरी आला तेव्हा रमाबाई खिडकीशी बसली होती. अक्षदा तिला जेवू घालून नुकतीच गेली होती. रमाबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आवाज नव्हता.

“काय झालं, रमे?”

“बादली.”

“तहान लागली?”

तिने मान हलवली. नाही.

“पंखा लावू? बंद करू?”

नाही.

“दुखतंय? डोकं? पाय?”

नाही.

“अक्षदाला बोलवू परत? पोराला बघायचंय?”

नाही. ती त्याच्याकडे रोखून बघत होती, मदत करत असल्यासारखी, जणू उत्तर अगदी जवळ आहे आणि त्याने जरा डोकं चालवलं तर सापडेल.

“गावची आठवण येते? माडांची?”

क्षणभर तिची नजर थबकली. कुशाबाला वाटलं, सापडलं. पण तिने पुन्हा मान हलवली. नाही, तेही नाही. त्याने देव्हाऱ्याच्या जागी असलेल्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींकडे बोट केलं, हार सुकलाय म्हणून. नाही. गंगुबाई? नाही. टीव्ही? नाही. वाणसामान, लुगड्यांची पेटी, भावाचा फोन, भाकरीत मीठ कमी होतं का? नाही, नाही, नाही.

मग त्याचे प्रश्न संपले. तेहतीस वर्षांच्या संसारात या बाईला काय काय हवं असू शकतं, त्याची त्याच्याजवळची यादी एवढीच निघाली. रमाबाई अजून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“थांब,” तो म्हणाला. तिच्यासमोर पाट ओढून त्याने मांडी घातली, आणि तिचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “थांब हं. आठवतो मी. घाई नाही.”